१८४४६७४४०७३७०९५५१६१५ : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही संख्या नेमकी कुठली?

चौसष्ट दोन मांडा, सगळ्यांचा गुणाकार करा आणि आलेल्या उत्तरातून एक वजा करा. खाली तिला २^६४ − १ असं लिहिलं आहे. टोपीनंतरचा आकडा म्हणजे घात. बहुतेकांची तिच्याशी पहिली गाठ बुद्धिबळाच्या पटावरच्या दाण्यांच्या गोष्टीत पडते आणि 'अबब, केवढी मोठी!' म्हणून तिथेच संपते. मोठी आहे हे कबूल. पण मोठेपणा ही तिची सगळ्यात कंटाळवाणी बाजू आहे. एक मिळवला की तिच्याहून मोठी संख्या तयार होते, त्यात कसलं कौतुक! गंमत आहे ती फुटते कशी, यात. तिथवर पोचायला मधे सहा प्रश्न लागतील. घाई असेल तर 'मूळ संख्या आहे का?' या प्रश्नावर उडी मारा.

ती मराठीत वाचायची कशी?

आपल्या पद्धतीने स्वल्पविराम दिले तर ती अशी दिसते: १,८४,४६,७४,४०,७३,७०,९५,५१,६१५. एकूण वीस अंक.

आता नावं. 'एकं, दहं, शतं' ची जुनी उजळणी ज्यांनी घोकली असेल त्यांना कोटीच्या पुढची गाडी आठवेल: दशकोटी, अब्ज, खर्व, निखर्व, महापद्म, शंकू, जलधी, अंत्य, मध्य, परार्ध. भास्कराचार्यांच्या 'लीलावती'त (इ. स. ११५०) हीच नावं याच क्रमाने येतात (फक्त दशकोटीच्या जागी तिथे 'अर्बुद' आहे), आणि प्रत्येक नाव आधीच्याच्या दसपट. परार्ध म्हणजे १ वर १७ शून्यं. नावांची यादी तिथे थांबते. आपली संख्या त्याच्याही पुढे दोन घरं जाते, म्हणून सुरुवात 'एकशे चौऱ्याऐंशी परार्ध' अशी करावी लागते:

१८४ परार्ध, ४ मध्य, ६ अंत्य, ७ जलधी, ४ शंकू, ४ महापद्म, ७ खर्व, ३ अब्ज, ७० कोटी, ९५ लाख, ५१ हजार, ६१५.

निखर्वाच्या घरात शून्य आहे, म्हणून ते नाव गळलं. एक सावधगिरी: हिंदीतला 'खरब' आणि आपला 'खर्व' एक नाहीत. हिंदीत अरबनंतर शंभरपटीने खरब येतो, आपल्याकडे अब्जानंतर दसपटीने खर्व. हिंदी वेबसाइटवरून आकडा उचलून मराठीत टाकताना इथे हमखास घोळ होतो.

बुद्धिबळाची गोष्ट खरी आहे का?

गोष्ट म्हणून छान आहे, इतिहास म्हणून तिला आधार नाही. राजा खूश होतो, खेळ शोधणारा 'पहिल्या घरात एक दाणा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात चार' असं मागतो आणि राजाची कोठारं रिकामी होतात. ती हिंदुस्थानातली म्हणून सांगितली जाते, पण लिहून ठेवली ती अरबी ग्रंथकारांनी. तेराव्या शतकातल्या इब्न खल्लिकानच्या चरित्रकोशात ती येते, तिथे मागणाऱ्याचं नाव सिस्सा आहे. त्याच्याही आधी, इ. स. १००० च्या सुमाराला, अल्-बिरूनीने पटावरच्या दाण्यांची बेरीज वर्गावर वर्ग करत कशी काढायची ते समजावून सांगितलं होतं. दाणे तिकडे गव्हाचे. आपण सांगताना तांदळाचे करतो.

मला या गोष्टीतला राजा नेहमी अडाणी वाटतो. दामदुपटीचा नियम त्याला ठाऊक असता तर बरं झालं असतं. व्याज मुद्दलापेक्षा जास्त वसूल करता येणार नाही, असा तो नियम आपल्याकडे सावकारीत चालत आला आणि मुंबई इलाख्यातल्या कोर्टांनीही मानला. तो लावला असता तर दुसऱ्या घरातच हिशोब मिटला असता.

दाणे म्हणजे किती तांदूळ?

तांदळाच्या जातीनुसार फरक पडेल, पण एका दाण्याचं वजन २५ मिलिग्रॅम धरू, म्हणजे किलोत ४०,००० दाणे. पहिली ओळ (८ घरं) भरली की २५५ दाणे होतात, मूठभरसुद्धा नाहीत. दोन ओळी झाल्या की ६५,५३५, म्हणजे दीड किलोच्या थोडं वर. वीस घरांपर्यंत २६ किलो, एक छोटं पोतं. अर्धा पट भरला की ४,२९,४९,६७,२९५ दाणे, वजन सुमारे १०७ टन. इथवर राजा देऊ शकतो. काही ट्रक उभे केले की झालं.

पुढच्या अर्ध्यात सगळं बिघडतं. पूर्ण पटाचं वजन सुमारे ४६१ अब्ज टन भरतं. आज सगळं जग मिळून वर्षाला पन्नास-पंचावन्न कोटी टन तांदूळ पिकवतं. भागाकार तुम्हीच करा. आठशेच्या वर वर्षं येतील, आणि तोवर कुणी एक घासही खायचा नाही.

चौसष्ट वेळा दुप्पट करत बसायचं का?

नाही. आणि इथे आपल्याकडचं फार जुनं डोकं कामाला येतं. छंदशास्त्र लिहिणाऱ्या पिंगलाला एक प्रश्न पडला होता: अमुक अक्षरांच्या चरणात लघु-गुरूंच्या किती रचना होतील? प्रत्येक अक्षराला दोन पर्याय, म्हणून उत्तर दोनाचा घात. तो काढायची त्याची रीत अशी की घातांक सम असेल तर निम्मा करा, विषम असेल तर एक कमी करा, मग उलट येताना 'निम्मा'च्या जागी वर्ग आणि 'एक कमी'च्या जागी दुप्पट करा. आजचे संगणकही मोठे घात याच धर्तीवर काढतात.

६४ च्या बाबतीत तर निव्वळ निम्मेच होत जातात: ६४, ३२, १६, ८, ४, २, १. म्हणजे २ पासून निघून सहा वेळा वर्ग करायचा:

२ → ४ → १६ → २५६ → ६५,५३६ → ४,२९,४९,६७,२९६ → १,८४,४६,७४,४०,७३,७०,९५,५१,६१६

त्रेसष्ट दुपटींऐवजी सहा वर्ग. त्यातले चार तोंडी.

पण चौसष्ट घरांची बेरीजही करावी लागेल ना?

तीही नको. पहिल्या घरात शेजाऱ्याकडून एक दाणा उसना आणून ठेवा. आता तिथे २ झाले. ते दुसऱ्या घरातल्या २ ला जोडा: ४. तिसऱ्या घरातले ४ जोडा: ८. प्रत्येक वेळी हातातले दाणे आणि पुढच्या घरातले दाणे सारखेच निघतात, म्हणून प्रत्येक पायरीवर दुप्पट होते. शेवटी हातात २^६४ दाणे असतात. उसना दाणा परत केला की उरतात २^६४ − १. याचाच दुसरा अर्थ असा की शेवटच्या एका घरातले दाणे आधीच्या त्रेसष्ट घरांतल्या सगळ्या दाण्यांपेक्षा एकाने जास्त असतात.

भास्कराचार्यांनी हे गणित घातलं होतं का?

हेच नाही, पण याचं सख्खं भावंड. 'लीलावती'त श्रेढीच्या, म्हणजे ठरावीक नियमाने वाढत जाणाऱ्या संख्यांच्या, प्रकरणात एक दाता आहे. तो पहिल्या दिवशी दोन कवड्या देतो आणि रोज दुप्पट करत जायचं कबूल करतो. महिन्याभरात किती निष्क दिले?

तीस दिवसांच्या कवड्या होतात २,१४,७४,८३,६४६. जुन्या मापांनी (२० कवड्यांची काकिणी, ४ काकिणींचा पण, १६ पणांचा द्रम्म, १६ द्रम्मांचा निष्क) त्याचे १,०४,८५७ निष्क, ९ द्रम्म, ९ पण, २ काकिणी आणि ६ कवड्या होतात. वहीत करून बघा. भागाकाराचा सुरेख सराव आहे.

या कवड्यांत आणखी एक मिळवा: २,१४,७४,८३,६४७. संगणकवाल्यांनी हा आकडा लगेच ओळखला असेल. ही २^३१ − १, म्हणजे ३२ बिटांच्या (बिट म्हणजे ० किंवा १ मावणारं एक घर) चिन्हयुक्त, अधिक-उणे दोन्ही दाखवणाऱ्या, पूर्णांकाची कमाल मर्यादा. अनेक जुन्या प्रणाली १ जानेवारी १९७० पासूनचे सेकंद अशा ३२ बिटांत मोजतात. त्यांचा हिशोब १९ जानेवारी २०३८ रोजी, भारतीय वेळेनुसार सकाळी ८ वाजून ४४ मिनिटं ७ सेकंदांनी संपतो. लीलावतीतल्या दात्याने १९७० पासून सेकंदाला एक कवडी दिली असती, तर त्याची शेवटची कवडी बरोबर एक सेकंद आधी संपली असती. निव्वळ योगायोग, त्यात गूढ काही शोधू नका. चाळीसगावजवळ पाटणला भास्कराचार्यांच्या नातवाने, चंगदेवाने, मठ उभारल्याचा शिलालेख आहे. तिथे कधी गेलात तर हा योगायोग सोबतच्यांना ऐकवायला बरा आहे, एवढंच.

ही २^३१ − १ मूळ संख्या आहे, हे स्विस गणिती ऑयलरने १७७२ साली दाखवलं. आपली संख्या मात्र…

मूळ संख्या आहे का?

अजिबात नाही, आणि हे कळायला दोन सेकंद पुरतात: शेवटी ५ आहे. दोनाच्या घातांचा शेवटचा अंक २, ४, ८, ६ असा फिरत राहतो. ६४ ला ४ ने भाग जातो, म्हणून २^६४ च्या शेवटी ६, आणि त्यातून एक गेला की ५. अंकांची बेरीज ८७, म्हणून ३ नेही भाग जातो; ९ ने नाही.

पण असे एकेक भाजक टोचून बघण्यापेक्षा शाळेतलं एकच सूत्र काढा: अ² − १ = (अ − १)(अ + १). २^६४ हा २^३२ चा वर्ग. म्हणून

२^६४ − १ = (२^३२ − १) × (२^३२ + १)

आता पहिल्या कंसात पुन्हा तीच घडण. तोही फोडा. मग त्यातलाही पहिला. कांद्याच्या पापुद्र्यासारखे कंस सुटत जातात आणि शेवटी उरतं:

(२ + १)(२^२ + १)(२^४ + १)(२^८ + १)(२^१६ + १)(२^३२ + १)

म्हणजे ३ × ५ × १७ × २५७ × ६५५३७ × ४२९४९६७२९७. वीस अंकी राक्षस एका सूत्राने सहा तुकड्यांत पडला, भागाकार एकही न करता. याच कारणासाठी मला ही संख्या आवडते. याच आकाराची दुसरी एखादी संख्या उचललीत तर तिचे अवयव काढायला संगणक लागेल.

पहिले पाच तुकडे मूळ आहेत. सहाव्याची स्वतंत्र कहाणी आहे.

सहाव्या तुकड्याची काय कहाणी?

हे तुकडे ज्या साच्यातून येतात (२ चा घात, आणि घातांकही २ चाच घात, अधिक १) त्यांना फर्मा संख्या म्हणतात. सतराव्या शतकात, १६४० च्या आसपास, फ्रेंच गणिती पिएर द फर्माने आपला विश्वास पत्रांतून मांडला की अशा सगळ्या संख्या मूळ असतात. ३, ५, १७, २५७, ६५५३७ पर्यंत तो खराच होता. पुढची ४,२९,४९,६७,२९७. हातानं तपासायची तर ६५,००० पर्यंतच्या मूळ संख्यांनी भागत बसा.

१७२९ साली गोल्डबाख या गणितीने पत्रातून ऑयलरला विचारलं: फर्माचं हे म्हणणं तुला माहीत आहे का? ऑयलरने १७३२ साली उत्तर दिलं: ६४१ ने भाग जातो.

४२९४९६७२९७ = ६४१ × ६७००४१७

६४१ त्याला सापडला कसा? या संख्येला ज्या मूळ संख्येने भाग जाईल तिला ६४ ने भागल्यावर बाकी १ उरलीच पाहिजे, हे ऑयलरने सिद्ध केलं. मग शोधायचं रान एकदम आटलं. ६५, १२९, १९३, २५७, ३२१… या रांगेतल्या मूळ संख्या तेवढ्या घ्या: १९३, २५७, ४४९, ५७७, ६४१. पाचव्या भागाकारातच मासा गळाला लागतो. फर्मा हयात असताना हे त्याच्या नजरेतून कसं सुटलं, याचं नवल मला अजून वाटतं. पाचच भागाकार होते!

भागाकार न करता ६४१ ने भाग जातो हे दाखवता येतं?

येतं, आणि अकरावी-बारावीच्या मुलाला हे दाखवलं की त्याचा चेहरा बघण्यासारखा होतो. दोन साध्या गोष्टी बघा:

६४१ = ५ × १२८ + १, म्हणजे ५ × २^७ + १
६४१ = ६२५ + १६, म्हणजे ५^४ + २^४

पहिलीवरून: ५ × २^७ ला ६४१ ने भागलं की बाकी −१ (एक कमी पडतो). दोन्हीकडे चौथा घात घ्या: ५^४ × २^२८ ची बाकी १. दुसरीवरून: ५^४ च्या जागी −२^४ ठेवता येतो. ठेवा. मग −२^४ × २^२८, म्हणजे −२^३२ ची बाकी १. म्हणजेच २^३२ ची बाकी −१, आणि २^३२ + १ ची बाकी शून्य. झालं.

तर पूर्ण अवयव असे: ३ × ५ × १७ × २५७ × ६४१ × ६५५३७ × ६७००४१७. सात वेगवेगळ्या मूळ संख्या, प्रत्येक एकदाच. विभाजक किती? प्रत्येक अवयव घ्यायचा किंवा सोडायचा, म्हणून २^७, म्हणजे १२८. मोजतानाही दोनाचाच घात यावा, हे तिला शोभतं.

या पहिल्या पाच मूळ संख्यांचा भूमितीशी काही संबंध आहे म्हणतात, तो काय?

आहे, आणि विलक्षण आहे. नुसती पट्टी आणि कंपास घेऊन समभुज त्रिकोण काढता येतो, सुसम पंचकोनही. सप्तकोन येत नाही. मग कुठला येतो? ग्रीकांपासून दोन हजार वर्षं हा प्रश्न पडून होता. ३० मार्च १७९६ रोजी अठरा वर्षांच्या गाउस या जर्मन गणितीला १७ बाजूंचा सुसम बहुभुज काढता येतो हे उमगलं. पुढे सामान्य नियमही मिळाला: बाजूंची संख्या विषम असेल, तर ती वेगवेगळ्या फर्मा मूळ संख्यांचा गुणाकार असली पाहिजे. हे पुरेसं आहे हे गाउसने दाखवलं. गरजेचंही आहे, याची सिद्धता फ्रेंच गणिती वान्त्सेलने १८३७ साली दिली.

फर्मा मूळ संख्या आजवर पाचच माहीत आहेत. त्यांतून गुणाकार होतात ३१. सगळ्यात मोठा गुणाकार पाचही घेऊन: ४,२९,४९,६७,२९५. वर मागे जाऊन बघा, हेच आहेत अर्ध्या पटावरचे दाणे. पट्टी-कंपासने (निदान कागदोपत्री) काढता येणाऱ्या विषम बाजूंच्या बहुभुजांपैकी सर्वांत मोठा जो आपल्याला ठाऊक आहे, त्याच्या बाजू आणि राजाने ट्रकभरून दिलेले पहिल्या ३२ घरांचे तांदूळ यांची संख्या एकच.

६५५३७ बाजूंच्या बहुभुजावर योहान गुस्ताव्ह हेर्मेस नावाच्या गृहस्थाने दहा वर्षं घालवली. १८९४ च्या सुमाराला पुरं झालेलं त्याचं बाड गोटिंगेनच्या विद्यापीठात जपून ठेवलं आहे. ६५५३७ बाजूंचा बहुभुज कागदावर वर्तुळापेक्षा वेगळा दिसत नाही, ही गोष्ट अलाहिदा.

पूर्ण वर्ग आहे का? परिपूर्ण संख्या? हर्षद संख्या?

तिन्ही नाही. ५ ने संपणारा पूर्ण वर्ग २५ नेच संपतो, इथे शेवटी १५ आहे. परिपूर्ण संख्येत स्वतःला सोडून बाकीच्या विभाजकांची बेरीज त्या संख्येइतकी होते. इथे ती संख्येच्या सुमारे ७० टक्केच भरते.

हर्षद संख्या ही देवळालीच्या शाळेत शिकवणाऱ्या दत्तात्रय रामचंद्र कापरेकरांनी दिलेली कल्पना, आणि नावही त्यांचंच: हर्ष देणारी ती हर्षद. अंकांच्या बेरजेने संख्येला भाग गेला पाहिजे. आपल्या अंकांची बेरीज ८७, म्हणजे ३ × २९. तीनाने जातो, पण अवयवांच्या यादीत २९ नाही. हुकलं.

दोन वर्गांची बेरीज म्हणूनही ती लिहिता येत नाही (अवयवांत ३ एकदाच आहे, ते आडवं येतं).

तिचे शेजारी कसे आहेत?

एका बाजूला २^६४, ज्यात दोनाशिवाय काहीच नाही. त्याच्या पलीकडे २^६४ + १, ही पुढची फर्मा संख्या. ती आपल्या संख्येपेक्षा फक्त दोनाने मोठी, आणि दोन्ही विषम, म्हणून दोघींना एकही सामाईक अवयव असू शकत नाही. आपली संख्या जितकी सहज फुटली तितकी ही चिवट निघाली. ऑयलरनंतर जवळजवळ दीडशे वर्षांनी, १८८० साली, ऐंशीच्या घरातल्या फॉर्च्युने लांद्रीने तिचे अवयव प्रसिद्ध केले: २७४१७७ × ६७२८०४२१३१०७२१.

मूळ संख्या शोधत मागे गेलात तर १८४४६७४४०७३७०९५५१५५७ भेटते, २^६४ पेक्षा ५९ ने कमी. पुढे गेलात तर २^६४ + १३.

संगणकावर हा आकडा अधूनमधून अचानक का उगवतो?

कारण ६४ बिटांत मावणारी ही सर्वांत मोठी बिनचिन्हाची संख्या आहे. द्विमान पद्धतीत (जिथे ० आणि १ हे दोनच अंक असतात) लिहिली तर ओळीने चौसष्ट एक. जुन्या स्कूटरचा किलोमीटर दाखवणारा आकडा आठवा: ९९९९९ नंतर ००००० येतो. तसंच इथेही, सगळे एक झाल्यावर पुढची पायरी सगळी शून्यं. आता उलट फिरवा. शून्याच्या एक पाऊल मागे काय? सगळे एक. म्हणून संगणक −१ हा आकडाही चौसष्ट एक असाच साठवतो.

घोळ होतो तो वाचताना. प्रोग्रॅममध्ये कुणीतरी 'सापडलं नाही' या अर्थाने −१ ठेवलेला असतो आणि दुसरं कुणीतरी तो बिनचिन्हाचा समजून छापतं. एकदा एका दुकानातल्या साठ्याच्या यादीत एका वस्तूचे १८४४६७४४०७३७०९५५१६१५ नग शिल्लक दिसले होते. शेवटचा नग दोनदा विकला गेला होता, एवढंच.

चिन्हासकट मोजायचं तर एक बिट चिन्हात जातो आणि कमाल मर्यादा ९२२३३७२०३६८५४७७५८०७ होते. पहिल्या ६३ घरांतले दाणे.

एक्सेलमध्ये टाकली की शेवटचे अंक शून्य होतात. फाइल बिघडली आहे का?

फाइल ठीक आहे. एक्सेल पंधरा अंकच नेमके ठेवतं, पुढचे शून्य करतं, म्हणून १८४४६७४४०७३७०९५००००० दिसतं. जावास्क्रिप्टमध्येही साधी संख्या म्हणून घेतलीत तर ९००७१९९२५४७४०९९१ च्या पुढे नेमकेपणाची हमी नाही. पायथनमध्ये बिनधास्त करा, तिथे पूर्णांकाला अशी मर्यादा नाही.

काशीच्या देवळात सोन्याच्या चकत्या हलवणारे पुजारी खरंच आहेत का?

नाहीत. तीन खांब आणि उतरत्या आकाराच्या चकत्यांचं 'हनोईचा मनोरा' हे कोडं फ्रेंच गणिती एदुआर लुका याने १८८३ साली बाजारात आणलं, तेही 'सयामचे प्राध्यापक क्लाउस' अशा टोपणनावाने, जे त्याच्याच नावाची अक्षरं उलटसुलट करून बनवलं होतं. सोबत काशीच्या देवळाची आणि ६४ सोन्याच्या चकत्यांची दंतकथा आली. सगळ्या चकत्या हलल्या की जगाचा अंत. काशीला जाऊन शोधत बसू नका.

गणित मात्र चोख आहे. ६४ चकत्यांना कमीत कमी २^६४ − १ चाली लागतात. सेकंदाला एक चाल धरली तर सुमारे ५८४ अब्ज वर्षं, विश्वाच्या आजवरच्या वयाच्या बेचाळीसपट. आणि तरी पाण्याच्या एका थेंबातले रेणू मोजायला बसलात तर या संख्येची सुमारे नव्वद आवर्तनं होतील. म्हणून म्हटलं, मोठेपणाचं काही खरं नाही.

पाठ कशी करायची?

करू नका. काढा. ६५५३६ चा वर्ग उभ्या मांडणीत करा, मग आलेल्या दहा अंकी संख्येचा वर्ग. दुसऱ्या वेळी वही आडवी धरा, नाहीतर हातचे गळतात.

पडताळा दोन प्रकारे घ्या. आधी नवांचा: २^६४ च्या अंकांची बेरीज ८८, ती १६, ती ७. ६५५३६ ची बेरीज २५, म्हणजे ७. त्याचा वर्ग ४९, म्हणजे ४. त्याचा वर्ग १६, म्हणजे ७. जुळलं. पण दोन अंकांची अदलाबदल झाली असेल तर नवांचा पडताळा ती पकडत नाही, म्हणून अकराचाही घ्या: उजवीकडून एक सोडून एक अंकांच्या दोन बेरजा करा, त्या ६३ आणि २५ आल्या पाहिजेत. फरक ३८, अकराने बाकी ५. दहाव्या घाताला दोनाची अकराने बाकी १ येते, म्हणून ६४ व्या घाताची बाकी चौथ्या घाताइतकीच, १६ ची, म्हणजे ५.

दोन्ही जुळले की शेवटच्या ६ चा ५ करा.